बेचाळीस सेकंदांचं पार्किंग

पार्किंगवरून भांडायला समोर माणूस असतो, हे मी जन्मभर गृहीत धरलं होतं. पुण्यात ती सोय चोख आहे. टोइंगचा टेम्पो येतो, मागे चार पोरं लोंबकळत असतात, भोंग्यावरून गाडीचा नंबर पुकारला जातो आणि आपण हातात औषधाची पिशवी घेऊन धावत सुटतो. "दादा, दोनच मिनिटं झाली हो!" "काका, आज पी-वन का पी-टू, पाटी बघा." "पाटी झाडामागे आहे." "झाड आम्ही लावलं का?" इथून जी बोलाचाली सुरू होते, तिच्यात दोन्ही पक्ष एकमेकांच्या गावापर्यंत आणि ओळखीच्या नगरसेवकापर्यंत पोचतात. दंड भरावा लागतोच, पण माणूस मोकळा होऊन घरी जातो.

विलायतेत खाजगी पार्किंगच्या जागी बहुधा कोणी नसतं. एक खांब असतो, खांबावर कॅमेरा आणि शेजारी पाटी. ही पाटी म्हणजे करार. तुम्ही हद्दीत शिरलात म्हणजे ती वाचलीत, तुम्हाला पटली आणि तुम्ही मान्य केलीत असं धरून चालतात. भानगड जुनी आहे. थॉर्न्टन नावाचे एक ट्रम्पेटवादक बीबीसीच्या कार्यक्रमाला जाताना लंडनमधल्या एका स्वयंचलित पार्किंगमध्ये गाडी ठेवून गेले. परत आले तेव्हा तिथेच अपघात होऊन जबर जखमी झाले आणि कंपनीने तिकिटातल्या अटींकडे बोट दाखवलं. १९७०च्या सुमारास हा दावा लॉर्ड डेनिंग यांच्यापुढे आला. तिकीट देणाऱ्या यंत्राशी गिऱ्हाईक तक्रार करील, त्याला शिव्याही देईल, पण यंत्र काही बधायचं नाही, अशा अर्थाचं त्यांनी निकालपत्रात लिहून ठेवलं आणि निकाल वादकाच्या बाजूने दिला. ते वाचताना मला आमच्या टेम्पोवरच्या पोरांची फार आठवण आली.

आमचं प्रकरण विमानतळावरचं. कुठल्या, ते लिहीत नाही. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस मिटलेल्या प्रकरणातही नावं घेत नाही. लंडनचं नाव लावणारे विमानतळ निदान सहा आहेत आणि त्यांतले काही लंडनपासून इतके दूर की पुण्याहून निघालेला माणूस तेवढ्यात लोणावळ्याला चिक्की घेत असतो. अशाच एका ठिकाणी आम्ही दोघं एडिंबराहून स्वस्तातल्या विमानाने रात्री उतरलो. स्वस्तातलं म्हणजे तिकीट स्वस्त. बॅगेला वेगळे पैसे, शेजारी-शेजारी बसायला वेगळे पैसे. बायको नवव्या रांगेत आणि मी सव्विसाव्या. तो तासभर लग्नानंतरचा माझा सगळ्यात शांत प्रवास होता, पण त्याबद्दल इथे नको.

बाहेर आडवा पाऊस. घ्यायला येणाऱ्यांसाठी राखलेली जागा इमारतीला वळसा घालून पलीकडे, आणि बायकोच्या गुडघ्यांनी एडिंबराच्या किल्ल्यावरच राजीनामा दिलेला. आम्ही सापडेल त्या कडेला उभे राहिलो. फोन झाले. "बाबा, तुम्ही नक्की कुठे आहात?" "आम्ही एका खांबाजवळ आहोत." विमानतळावर हे उत्तर फारसं उपयोगाचं नसतं. अखेर गाडी आली. मी बॅगा डिकीत टाकल्या, बायकोला आत बसवलं आणि आम्ही मुलीच्या घरी, रेडिंगच्या रस्त्याला लागलो. गाडीत मुलगीही होती आणि जावईही होते. पैकी कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं, हे या लेखात शेवटपर्यंत येणार नाही. वाचकांनी उगाच वाट पाहू नये.

पुढल्या आठवड्यात पाकीट आलं. कागद असा बनवलेला की हातात घेतानाच माणसाने उभं राहावं. वर पिवळा पट्टा, ठळक आकडे, कलमं, चौकटी. नगरपालिका जी दंडाची नोटीस काढते तिचीच आद्याक्षरं, तिचाच थाट. मात्र हा दंड नव्हे. कराराचा भंग केल्याबद्दल एका कंपनीने पाठवलेलं ते बिल होतं. रक्कम १०० पौंड, चौदा दिवसांत भरल्यास ६०. म्हणजे साडेअकरा हजारांचं सात हजारांवर. घासाघीस त्यांनी स्वतःच उरकून घेतलेली.

सोबत दोन फोटो. पहिल्यात गाडीची मागची बाजू, वेळ ९ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. दुसऱ्यात तीच गाडी, ९ वाजून १४ मिनिटं ४९ सेकंद, आणि डिकीत कमरेपर्यंत शिरलेला एक माकडटोपीवाला माणूस. पाठमोरा का होईना, विलायतेतला माझा इतका स्वच्छ फोटो घरच्यांपैकी कोणी काढला नव्हता. बायको म्हणाली, "ती टोपी घालू नका म्हणून मी सांगत होते."

आता या कंपनीला जावयांचा पत्ता कुठून मिळाला? तर गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं वेल्समध्ये स्वॉन्झीला आहे. ते अडीच पौंड घेतं आणि गाडी कोणाच्या नावावर आहे ते कंपनीला कळवतं. अशी विचारणा वर्षाला एक कोटीहून जास्त वेळा होते. आमच्या कचेरीत एक सात-बारा मिळवायला लोक तीन हेलपाटे घालायचे, ते आठवून मी थोडा वेळ गप्प झालो.

रविवारी डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गेलो. मंडळ १९३२ सालचं, त्यामुळे तिथे कुठल्याही विषयावर अनुभवी माणूस सापडतो. पार्किंगवर जरा जास्तच सापडले. एका गृहस्थांनी वडा खाता खाता निकाल दिला, "फाडून टाका. मी आजवर सगळी फाडली." दुसरे म्हणाले, "भरून टाका आणि झोपा शांत." तिसऱ्यांनी दोघांनाही बाजूला सारलं. चिप्सचं दुकान चालवणारे बॅरी बेव्हिस यांची कथा त्यांना तोंडपाठ होती. चेम्सफर्डला दोन तास फुकट असलेल्या पार्किंगमध्ये हे बेव्हिस छप्पन मिनिटं जास्त राहिले, ८५ पौंडांचं बिल आलं, आणि ते नडले ते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत. नोव्हेंबर २०१५ मध्ये हरले. पाटी मोठी होती, रक्कम ठळक होती, सबब बिल योग्य. "तेव्हापासून," तिसरे म्हणाले, "फाडायचे दिवस गेले. आता लिहायचं."

लिहायचं म्हटल्यावर माझ्या अंगात बळ आलं. तोवर मी त्या घरात फक्त डिशवॉशर रिकामा करत होतो.

कायदा २०१२ सालचा. त्यापूर्वी इंग्लंडात खाजगी जागेवरल्या गाडीच्या चाकाला सर्रास लोखंडी जबडा घालत. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून तो बंद झाला आणि बदल्यात कंपन्यांना एक सोय मिळाली: गाडी कोण चालवत होतं ते कळलं नाही, तर काही अटी पाळून पैसे गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून मागावेत. एक अट मुदतीची. काचेवर कागद लावलेला नसेल तर नोटीस चौदा दिवसांच्या आत घरी पोचली पाहिजे. मी आधी तारखा ताडून पाहिल्या. पत्र वेळेत होतं. त्यांच्याकडेही कोणीतरी जावक नोंदवही नीट ठेवणारा असावा; मला त्याच्याबद्दल आदरच वाटला.

मग सापडली खरी मेख. ही सोय सगळ्या जमिनींना लागू नाही. जिथलं पार्किंग आधीच एखाद्या कायद्याच्या किंवा उपविधीच्या ताब्यात आहे, ती जमीन यातून वगळली आहे, आणि विमानतळांना असे उपविधी असू शकतात. आमच्या विमानतळाला ते होते, आणि सोबत हद्दीचा नकाशा जोडला होता! चाळीस वर्षं ज्याने चतुःसीमा तपासल्या त्याच्यासमोर हद्दीचा नकाशा आला, तेही विलायतेत, जेवणाच्या टेबलावर. मी चष्मा पुसून लाल रेषेवरून बोट फिरवत गेलो. आमचा खांब आणि आमची बेचाळीस सेकंदं रेषेच्या स्पष्ट आत पडत होती. उपविधी मोडल्याबद्दल दंड व्हायचा तर सहा महिन्यांत मॅजिस्ट्रेटसमोर खटला भरावा लागतो, आणि तो दंड जमा होतो सरकारी तिजोरीत. कंपनीच्या पदरात एक पेनी पडत नाही. तेव्हा कंपनी त्या वाटेला कशाला जाईल?

थोडक्यात, कंपनीला पैसे मिळायचे तर फक्त चालकाकडून. आणि चालक कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्याला माझी टोपी दिसली होती, गाडी चालवणारं माणूस नव्हतं. पोलिसांनी रीतसर विचारलं तर नाव सांगावं लागतं, तो कायदा निराळा. खाजगी कंपनीला सांगायचं बंधन नाही. म्हणजे आमचा सगळा बचाव एका गोष्टीवर उभा होता: कोणी काही बोलायचं नाही.

आता हे मराठी कुटुंबाला सांगून पाहा.

पहिले मसुदे मुलीने आणि जावयांनी आपापले लिहिले होते. मुलीच्या मसुद्यात होतं, 'आई-वडील पावसात उभे होते म्हणून मी गाडी थांबवली, क्षमस्व.' जावयांच्या मसुद्यात होतं, 'सासू-सासरे पावसात उभे होते म्हणून मी गाडी थांबवली, क्षमस्व.' प्रेमविवाह आहे. दोन्ही कागद मी स्वतः फाडले. त्यात दुसरं एक दुखणं होतं. इंग्रजांच्या देशात राहून दोघांनाही पहिल्याच ओळीत क्षमा मागायची सवय लागली आहे. क्षमा मागितली की कबुली आली, आणि कबुली आली की चालक मिळाला.

पुण्याहून मेहुणीचा व्हिडिओ कॉल आला. "काय ग, दंड झाला म्हणे? कोण चालवत होतं? मला वाटलंच, तिला घाई फार." "ताई, फोनवर नको," बायको म्हणाली. "म्हणजे जावई होते!" "मी काही बोललेच नाही." "न बोलण्यावरूनच कळतं ग." पलीकडून भावजींचा आवाज आला की सासऱ्यांनाच चालवायला दिली असेल, भारतीय परवान्यावर बारा महिने चालवता येते तिकडे. अर्ध्या तासात सदाशिव पेठेत तीन वेगवेगळे चालक झाले होते. मी म्हटलं, हे उत्तम आहे. साक्षीदारांत एकमत नाही.

अडचण सोडवली बायकोने. तिच्या आजीने साठ वर्षांच्या संसारात आजोबांचं नाव एकदाही घेतलं नाही, आणि तरी वाड्यातल्या दहा बिऱ्हाडांना कळायचं की चहा कोणाला गोड झाला. "त्यात काय मोठंसं?" ती म्हणाली. "इकडच्या स्वारीने गाडी थांबवली. इकडच्या स्वारीने पाटी पाहिली नाही." त्या दिवसापासून घरात 'स्वारी' सुरू झाली. मी पत्र लिहिलं त्यातही 'चालक' होता आणि 'ज्याच्या नावावर गाडी आहे ती व्यक्ती' होती, एकमेकांची ओळख नसल्यासारखे. संदर्भ, विषय, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. जावयांनी 'महोदय'खालचे दोन परिच्छेद काढून टाकले. मी परत घातले.

कंपनीचं उत्तर आलं. आपल्या म्हणण्याचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला आहे, असं त्यात होतं. हे वाक्य मी स्वतः नोकरीत इतक्या अर्जांवर लिहिलं आहे की त्याचा अर्थ मला समजावून घ्यावा लागला नाही. मात्र खाली दहा आकडी क्रमांक होता. तो घेऊन अठ्ठावीस दिवसांत 'पॉप्ला'कडे अपील करता येतं. खाजगी जागेवरच्या पार्किंगच्या तक्रारी ऐकणारी ही संस्था. गाडीवाल्याला फुकट, आणि निकाल गाडीवाल्याच्या बाजूने लागला तर कंपनीवर बंधनकारक. विरुद्ध लागला तर गाडीवाल्यावर बंधनकारक नाही. अशी एकतर्फी सोय मी जमीन महसूल अधिनियमात कधी पाहिली नाही.

अपिलाला पुरावा हवा. म्हणून विमानतळावर जायचं ठरलं, प्रवास न करता. लोक विंडसरचा राजवाडा बघायला जातात, आम्ही पाटी बघायला गेलो. दोन डब्यांत पोळी-भाजी, थर्मास, फोन. त्या रस्त्यावरून विमानतळाची बस फिरते, तिच्या खिडकीशी आम्ही बसलो. बायकोने चालत्या गाडीतून पाटी वाचायची आणि मी चित्रण करायचं असा बेत. "नो स्टॉपिंग," बायको खणखणीत म्हणाली. मग, "हंड्रेड पौंड... अहो, गेली!" बस परत वळून आली. "नो स्टॉपिंग. हंड्रेड पौंड. बाय एंटरिंग... गेली!" त्या खालचं काही तिला एकदाही वाचता आलं नाही. समोरचे प्रवासी कान देऊन ऐकू लागले होते. शेवटी आम्ही उतरलो आणि पायी जाऊन पाटीखाली उभे राहिलो.

पाटी माझ्या डोक्याच्या बरीच वर. 'थांबू नका' हे वीतभर अक्षरांत. १०० पौंड त्याच्या निम्म्या अक्षरांत. खाली कराराचा मजकूर मुंगीच्या पावलांनी दाटीवाटीने गेलेला, अकरा ओळी. करार मान्य करायचा तर या अकरा ओळी वाचायला हव्यात. वाचायच्या तर गाडी थांबवायला हवी. थांबवली की करार मोडला. मी तिथेच वहीत टिपण केलं आणि मला नोकरीत परत आल्यासारखं वाटलं. शिवाय २०१६ चा एक निकालही आमच्या कामाचा होता. एका बाईंनी जड टेबल उतरवण्यापुरती इमारतीशी गाडी उभी केली, बिल आलं, आणि ऑक्सफर्डच्या न्यायाधीशांनी सांगितलं की सामान उतरवायला क्षणभर थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे. तो निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण दाखवायला छान आहे.

"मी काही मदत करू का, सर?" मागून आवाज आला. विमानतळाचा पोलीस, छातीवर आडवी बंदूक. दोन म्हातारी भारतीय माणसं विमानतळाच्या रस्त्यावर उभी राहून पाट्यांची छायाचित्रं घेताहेत आणि वहीत मोजमापं लिहिताहेत, हे त्याला कुठल्या सदरात घालावं ते कळत नसावं. मी आयुष्यात प्रथमच गणवेशासमोर गप्प झालो. बायकोने पर्स उघडली, नोटिशीची प्रत काढली आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाऊस, गुडघे, एडिंबरा, नववी रांग आणि सव्विसावी. त्याने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा टोपीकडे बघितलं. मग सहज, गप्पा मारावं तसं त्याने विचारलं, "मग गाडी कोण चालवत होतं?"

माझ्या पोटात गोळा आला. बंदुकीसमोर बायको खोटं बोलणार नाही, आणि खरं बोलली तर सगळी नस्ती गेली.

"चालक," बायको म्हणाली.

पोलीस क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. "बरोबर आहे, मॅडम," म्हणाला. रस्त्याच्या कडेला उभं राहू नका, तेवढं सांगून गेला. आम्ही बसथांब्यावर जाऊन डबे सोडले.

अपील गेलं. चौदा मुद्दे, नकाशा, चित्रण, पाटीचे फोटो. वाट पाहण्याच्या दिवसांत मी या प्रकाराचा पुढचा-मागचा इतिहास वाचला. २०१९ साली पार्लमेंटने सर ग्रेग नाइट यांच्या विधेयकावरून एक कायदा केला, की सगळ्या खाजगी पार्किंगला एकच सरकारी आचारसंहिता असावी. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली, लंडनबाहेर बहुतेक बिलं ५० पौंडांच्या आत आणणारी. कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली. पुढे कंपन्यांच्याच दोन संघटनांनी मिळून आपली एक संहिता काढली आणि वरची रक्कम राहिली १०० पौंड. मी हे जावयांना वाचून दाखवलं. ते सरकारवर चिडले. मला मात्र त्या देशाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. अंमलबजावणीपूर्वी मागे घेतलेले आदेश मी कपाटभर पाहिले आहेत.

आणि एके सकाळी जावयांच्या फोनवर दोन ओळी आल्या. कंपनीने आपला दावा मागे घेतला आहे, सबब अपील मंजूर समजावं. मुलीने टाळ्या वाजवल्या, शिरा झाला, सदाशिव पेठेत बातमी गेली. माझ्या घशाखाली शिरा उतरेना. माझे चौदा मुद्दे? नकाशावरची लाल रेषा? बायकोचं बसमधलं वाचन? अपील ऐकणाऱ्याने ते उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं, कारण समोरचा पक्ष आलाच नाही. आदेश सकारण असावा, मुद्दानिहाय असावा, खाली सही-शिक्का असावा, एवढी माझी किमान अपेक्षा. जावई म्हणाले, "बाबा, आपण जिंकलो." मी म्हटलं, "कोणाशी?" त्यावर मुलीने मला शिऱ्याची दुसरी वाटी दिली.

परतीचं विमान हीथ्रोहून होतं. दोघंही सोडायला आली. तिथे टर्मिनलसमोर नुसतं उतरवायलाही पैसे पडतात, २०२१ साली पाच पौंडांनी सुरुवात झाली, आमच्या वेळी सहा झाले होते. नाका नाही, पावती नाही, पैसे घेणारा माणूस तर नाहीच. कॅमेरा नंबर टिपतो आणि आपण दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचे. विसरलात तर ८० पौंडांचं पाकीट घरी. रडारड, मिठ्या, बॅगांचं वजन आणि राहिलेली लोणच्याची बरणी या गडबडीत त्या सहा पौंडांचं नाव कोणी काढलं नव्हतं, हे मला मुंबईत इमिग्रेशनच्या रांगेत उभं असताना आठवलं. घड्याळ बघितलं, मुदत बाकी होती. मी तिथूनच फोन लावला.

"जावईबापू, पोचलो. ते उतरवण्याचे सहा पौंड भरलेत का? काल गाडी तर तुम..."

बायकोने हातातून फोन काढून घेतला.

"काही नाही हो," ती त्यात म्हणाली. "स्वारीला म्हणावं, आजच भरा."